भट्टीचा रोजचा दसरा

ती जिना चढून वर आली तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. शाहूपुरीत आमचं ऑफिस मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानावर आहे. जिना लोखंडी, त्यामुळे खालून कुणी यायला लागलं की पायऱ्या आधीच वर्दी देतात. आमच्याकडे येणारे बहुतेक फौंड्रीवाले, म्हणजे पुरुष. बाईमाणूस दिसलं की ते चुकून आलंय असं धरून मी खालच्या दुकानाकडे बोट दाखवते. हिलाही दाखवलं. ती हलली नाही.

"भट्टीचं मशीन तुमीच करतासा न्हवं?" तिनं विचारलं.

"हो. का?"

"मग सांगा की अक्का, त्या दिशी भोंगा वाजला का न्हाय?"

ती कोण, हे मला तेव्हा कळलं आणि उघडलेला डबा मी परत लावून टाकला. शहराबाहेरच्या एका फौंड्रीत उन्हाळ्यात भट्टी उडाली होती आणि तिचा ऑपरेटर जागच्या जागी गेला होता. ही त्याची बायको. नेसरीच्या अलीकडच्या एका गावाहून एसटीनं आली होती. तिकडं कर्नाटकच्या सीमेजवळ थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. खरं म्हणजे ती माझ्याहून फार लहान नसावी, पण त्या दिवशी कोण थोरलं आणि कोण धाकटं हे तिनंच ठरवून टाकलं होतं.

वाचणाऱ्याला भट्टी ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगते. लोखंड वितळवायच्या विजेच्या भट्टीभोवती तांब्याच्या नळीचं वेटोळं असतं आणि त्या नळीतून सतत थंड पाणी फिरतं. पाणी थांबलं तर वेटोळं तापून फुटतं. त्यातलं उरलंसुरलं पाणी वितळलेल्या लोखंडात गेलं की त्याची एका क्षणात वाफ होते आणि लोखंड वर उसळतं. म्हणून पाण्यावर पहारा ठेवणारी एक पेटी बसवतात. पाणी थांबलं की पेटीनं भोंगा वाजवायचा आणि ऑपरेटरनं वीज तोडून पळायचं. वीज आपोआप तोडायची सोयही करता येते, पण ती या फौंड्रीच्या शेठना नको होती. चुकून तुटली तर भट्टीतलं लोखंड गोठतं, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सगळी मदार भोंग्यावर.

ती पेटी आम्ही बनवतो. आम्ही म्हणजे सर आणि मी. सरांनी मला तंत्रनिकेतनात शिकवलं आणि पुढं लग्न, घर, सासूचं आजारपण यात माझी बरीच वर्षं गेल्यावर, बाकी कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा, स्वतःच्या टेबलाशेजारी दुसरं टेबल लावून दिलं. पेटीच्या आतला प्रोग्रॅम सी भाषेत त्यांनी लिहिलेला. त्यांच्याविषयी वाकडं बोलणाऱ्याला मी सरळ करायची, हे शाहूपुरीत सगळ्यांना माहीत होतं.

"तितं म्हणत्यात, भोंगा कोकलत हुता आन् ह्ये झोपलं हुतं," ती म्हणाली. "गावात बी त्येच झालंय. पोरगी सहावीत हाय. शाळंत पोरं म्हणत्यात, तुजा बा झोपून मेला."

"तुम्हाला काय वाटतं?"

"हातात सळई हुती की त्यांच्या! लोखंड ढवळायची. मूठ उघडंना, सळई तशीच ठिवून गुंडाळलं त्यांस्नी. झोपल्याल्या माणसाच्या हातात सळई ऱ्हाती व्हय?"

बघते म्हणाले, फोन नंबर ठेवून जा म्हणाले. मला तिचा रागच आला होता, कारण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि ते असायला हवं होतं. पाणी पिऊन ती गेली. भाकरी डब्यातच राहिली.

त्याच आठवड्यात शेठ आले. सोबत भट्टीच्या पेटीतलं मेमरी कार्ड आणि कागदांची चळत. शेठ आत आले की खोली लहान होते. बोलतात ते समोरच्या इमारतीलाही ऐकू जातं.

"ह्यो बघा. माझ्या पोरानं काढलंय, बेंगलोरला शिकलंय त्ये." त्यांनी एका कागदावर लाल वर्तुळ दाखवलं. आत रोमन अक्षरांत लिहिलं होतं: हूटर चालू. "भोंगा हाय की न्हाय आत? हाय! मग तुमी फकस्त एक कागद द्या, मशीन बरोबर हुतं म्हणून. इन्स्पेक्टरला दिऊ, विषय संपला."

सर हसले. त्यांना खात्रीच होती. "बघ गं जरा," मला म्हणाले, "आणि दोन ओळी लिहून दे." ते खोटं बोलत नव्हते. खरोखर त्यांना तसंच वाटत होतं, आणि मलाही.

पण त्या कागदानं माझं डोकं फिरवलं. शेठच्या मुलानं एक तयार आज्ञा चालवून कार्डावरच्या फाइलमधले वाचता येण्यासारखे सगळे शब्द एका रांगेत काढले होते. कुठला शब्द फाइलच्या कुठल्या भागातून आला, याचा पत्ता नाही. गावात अमुक नावाचा माणूस आहे एवढंच कळून काय उपयोग? तो घरात राहतो की स्मशानातल्या दगडावर त्याचं नाव आहे, हे कळायला नको? वर्तुळ मात्र छान गोल काढलं होतं.

प्रोग्रॅमची तयार फाइल म्हणजे घरातला मिसळणाचा डबा. वाट्या वेगवेगळ्या. एका वाटीत यंत्राला कळणाऱ्या आज्ञा, एकीत पडद्यावर दाखवायची वाक्यं, एकीत फंक्शनांची, म्हणजे एकेका कामासाठी लिहिलेल्या तुकड्यांची, नावं, आणि एकीत चुका शोधताना आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी ठेवलेली माहिती, जी भट्टीच्या काही कामाची नसते. या वाट्यांना सेक्शन म्हणतात. गंमत अशी की वाटीवर तिचं नाव लिहिलेलं नसतं. सगळ्या वाट्यांची नावं आणखी एका वेगळ्या वाटीत, एकापुढे एक, मध्ये एकेक शून्य टाकून भरलेली असतात. प्रत्येक वाटीजवळ फक्त एक आकडा असतो, की माझं नाव तिथं इथपासून वाच. हे सगळं हातानं करत बसलं तर डोळे जातात. त्यासाठी सी भाषेत एक लायब्ररी आहे, लिबएल्फ नावाची. तिला वाटी आणि आकडा दिला की ती नाव काढून हातात ठेवते.

तयार आज्ञा त्यासाठीही आहेत. पण उद्या इन्स्पेक्टरनं विचारलं, बाई, हे कसं काढलं, तर ओळीओळीनं सांगता यायला हवं. शिवाय दुसऱ्याच्या हातच्या स्वयंपाकावर माझा पहिल्यापासूनच विश्वास नाही. मी स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहायला घेतला.

पहिल्यांदा चालवला तर काहीच आलं नाही. या लायब्ररीचा मान असा की कुठलंही काम सांगण्याआधी तिला आवृत्ती विचारावी लागते. ते विसरलात तर ती फाइल उघडतच नाही आणि गप्प बसते. माझ्या सासूसारखी. आल्या आल्या चौकशी केली नाही की दिवसभर तोंड फिरवून. तेवढी एक ओळ घातली आणि वाट्यांची नावं भराभर पडद्यावर आली.

मग वाक्यांच्या वाटीत काय आहे ते छापायला सांगितलं. इथं मी नवशिक्यासारखी चूक केली. सी भाषेत शब्द शून्यापाशी संपतो, आणि वाटीत तर शून्यानं तोडलेले पुष्कळ शब्द असतात. मी सगळी वाटी एक शब्द समजून छापली, तेव्हा त्यातला पहिलाच शब्द छापून प्रोग्रॅम थांबला. रोमन अक्षरांत, ठळक: शुभ दसरा.

मला वाटलं माझंच काहीतरी चुकलंय, भलत्याच ठिकाणचा कचरा उचलला गेलाय. भट्टीच्या पेटीत दसरा कुठला? वाटीची लांबी विचारून घेतली, एक शब्द संपला की शून्य ओलांडून पुढचा, असं वाटीच्या तळापर्यंत फिरवलं. आता सगळं आलं. शुभ दसरा. तापमान. पंप चालू. पाणी चालू. झाकण उघडे. असं बरंच. भोंग्याबरोबर पडद्यावर यायला हवं ते 'पाणी बंद, भट्टी बंद करा' हे वाक्य त्यात नव्हतं.

मी परत चालवलं. नव्हतं. मग ऑफिसच्या संगणकावर असलेल्या सरांच्या मूळ प्रोग्रॅमपासून नवी फाइल बनवली आणि तिच्यावर तोच माझा प्रोग्रॅम सोडला. तिथं ते वाक्य होतं, आणि शुभ दसरा नव्हता. म्हणजे माझा प्रोग्रॅम ठीक होता. वेगळं होतं ते कार्डावरचं. शेठच्या पोरानं लाल केलेलं 'हूटर चालू', म्हणजे भोंगा वाजवणाऱ्या फंक्शनचं नाव, शोधलं तर ते फक्त शेवटच्या वाटीत सापडलं, आमच्या सोयीच्या माहितीत. आमच्याकडे अशी रीत आहे की ज्या फंक्शनला कुणीच बोलवत नाही ते फाइल जोडताना काढून टाकायचं, जागा वाचते. फंक्शन जातं, त्याचं वाक्य जातं, पण त्या सोयीच्या वाटीत नाव तेवढं मागं राहतं. कुणीतरी भोंग्याला बोलावणं बंद केलं होतं. भट्टीवरची पेटी पाणी थांबल्यावर काहीही करणार नव्हती. नुसती बघत बसणार होती.

कुणी केलं असेल असा प्रश्नच नव्हता. या प्रोग्रॅमला हात लावणारी माणसं दोन, आणि त्यातली एक मी.

सर चहा पीत होते. मी दोन्ही छापील कागद त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी आधी लांबच्या कागदाकडं बघितलं, मग जवळच्या. 'शुभ दसरा'वर त्यांचं बोट थांबलं आणि चहाचा कप त्यांनी न बघता टेबलाच्या कडेला ठेवला. तो मी सरकवला, नाहीतर पडला असता.

"खंडेनवमी," ते म्हणाले.

आमच्या भागात खंडेनवमीला फौंड्रीत यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळा, कोहळा, भट्टीला हळदीकुंकू, शेठच्या घरच्या बायका नवी लुगडी नेसून. त्या दिवशी भट्टी थंड असते आणि पाण्याचा पंपही बंद, पण पेटी चालू ठेवावी लागते, कारण दिवे लुकलुकल्याशिवाय शेठना फोटो चांगला वाटत नाही. आदल्या वर्षी पाणी बंद म्हणून आरतीच्या ऐन मध्यात भोंगा सुरू झाला होता आणि शेठच्या आईच्या हातून निरांजन पडलं होतं. भोंग्याची वायर काढून ठेवली असती तर प्रश्न मिटला असता. पण वायर काढायला पाना लागतो, पक्कड लागते, आणि ती पूजेत बसलेली. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही रीत. म्हणून गेल्या नवमीच्या आधी शेठनी सरांना गळ घातली, तुमी आतनंच गप करा की त्येला. सरांनी नवमीपुरती एक फाइल करून दिली. भोंगा नाही, आणि पेटी सुरू झाली की पडद्यावर थोडा वेळ 'शुभ दसरा'. शेठ खूश झाले होते. त्या पूजेला मी नव्हते. माझ्या वाट्याला पेढे आले होते, ते मी खाल्ले.

"दसऱ्यानंतर परत जुनी टाकायची होती," सर म्हणाले.

"मग?"

"शेठ म्हणाले, माल जोरात आहे, मशीन बंद ठेवता येत नाही, दिवाळीत बघू. दिवाळीत..." त्यांनी चष्मा काढला. "दिवाळीत ना त्यांना आठवलं, ना मला."

आणि बाकी कुणी बोललं नाही. रोज सकाळी पेटी सुरू केली की शुभ दसरा यायचं. कामगार बघायचे. पण दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला, शुभ लिहिलेलं कोण पुसायला सांगणार? उलट चांगलंच आहे की. पाणी थांबल्यावर भोंगा वाजतो का, हे थांबवून बघायची कुणाला गरज वाटली नाही. भट्टी चालत होती.

सरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, "लिही. भोंगा नव्हता म्हणून लिही. माझ्या हातून झालं म्हणून लिही. फक्त ते दसऱ्याचं लिहू नकोस."

"का?"

"लोक हसतील गं."

मला आयुष्यात सरांवर राग आला तो त्या एका वाक्यानं. माणूस मेला, सळई हातात ठेवून गुंडाळावा लागला, आणि यांना हसण्याची काळजी. "कोण हसणार आहे, सर?" मी म्हणाले. आवाज चढला होता माझा. "ते वाक्य काढलं तर ही नवमीची फाइल कशावरून, हे सिद्ध कसं करायचं? उद्या शेठ म्हणतील, कार्डच बदललं तुम्ही." हे खरंच होतं. पण मी ते त्या कारणासाठी म्हणाले नाही. मला त्यांना लागेल असं बोलायचं होतं आणि ते लागलं. खिडकीखाली कुणीतरी मोटारसायकलचा हॉर्न लावून बघत होतं, परत परत.

मी सगळं लिहिलं. कुठल्या वाटीत काय सापडलं, कुठं काय सापडलं नाही, मूळ फाइलमध्ये काय आहे, आणि शुभ दसरा. खाली मी सही केली. सरांनी कागद पुन्हा पुन्हा वाचला आणि माझ्या सहीखाली स्वतःची केली. पेन इतकं दाबून की मागच्या बाजूला सही उमटली. दुसऱ्या दिवसापासून ते ऑफिसला आले नाहीत. मी घरी जाऊन आले. ते टीव्हीसमोर बसून होते, टीव्ही बंद होता. त्यांच्या बाईसाहेब म्हणाल्या, जेवतात, झोपत नाहीत.

शेठनी कागद उभ्या उभ्या वाचला. पहिल्यांदाच मी त्यांना हळू बोलताना ऐकलं. "मॅडम, तुमी कुनाच्या बाजूनं हाय?" मी म्हणाले, वाटीत जे होतं ते लिहिलंय. "वाटी घाला चुलीत," म्हणाले आणि गेले. इन्स्पेक्टरच्या कचेरीत मी स्वतः नेऊन दिला. चौकशी चालू आहे, असं तिथं सांगतात. अजूनही तेच सांगतात. आमच्याकडे आता नव्या पेट्यांची कामं येत नाहीत, आणि त्याचं मला नवल वाटत नाही.

मग मी तिला फोन केला. ती दोन एसट्या बदलून आली आणि स्टुलावर बसली. पंखा तिच्याकडे फिरवला. मी कागद वाचून दाखवला नाही, साध्या शब्दांत सांगितलं. भोंगा वाजला नाही. वाजणारच नव्हता. आमच्या हातून तो काढला गेला होता, दसऱ्याच्या पूजेपुरता, आणि परत घातला गेला नाही. आमच्या असं मी म्हणाले. सरांचं वेगळं नाव तिच्यासमोर घ्यायला माझी जीभ वळली नाही.

"दसऱ्याचं लिवल्यालं येत हुतं त्येच न्हवं?" ती म्हणाली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"घरात सांगायचं की! आमच्या भट्टीला रोजच दसरा म्हणायचं. पोरीला म्हणायचं, चल, सोनं लूट." ती थोडी हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं. "आमास्नी काय ठावं, त्यात काय हाय."

भट्टीशी संबंध असलेल्या प्रत्येकानं ते बघितलं नाहीतर ऐकलं होतं. फक्त मी, जिला त्याचा अर्थ लागला असता, ती कधी तिकडं फिरकले नव्हते.

"म्हंजी झोपलं न्हवतं," ती म्हणाली.

"नाही. भोंगा वाजूनही उठले नाहीत, म्हणून झोपले होते असं म्हणत होते. भोंगाच नव्हता. आणि तुम्हीच म्हणालात, हातात सळई होती." हे सांगताना मला बरं वाटत होतं. खूप दिवसांनी मी कुणाला तरी काहीतरी देत होते. "ते जागे होते. काम करत होते. हे तुम्ही कुणालाही ठणकावून सांगा. शाळेतसुद्धा."

ती मांडीवरच्या पिशवीकडं बघत राहिली. मला वाटलं ती रडेल, आणि रडली असती तर मला ते समजलं असतं.

"जागं हुतं," ती परत म्हणाली. आणि मान वर न करता, "मग दिसलं असंल की त्यांस्नी. अंगावर येताना."

मी पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.

"पोरीला मी सांगितलंय अक्का, बाबास्नी कळलं बी न्हाय म्हून. लोक झोपलं हुतं म्हणत्यात तवा जीव जळायचा माजा, भांडाय उठायची मी. पर रातच्याला तिला जवळ घिऊन त्येच सांगायची. झोपेत गेलं, कायबी दुखलं न्हाय." तिनं वर बघितलं. "आता काय सांगू तिला?"

माझ्याकडे तिच्यासाठी कागदाची एक प्रत काढून ठेवलेली होती. ती मी तिच्या हातात दिली, कारण हाताला दुसरं काही सुचलं नाही. तिनं ती नीट घडी करून पिशवीत ठेवली, पदर सारखा केला आणि उठली. आली तशी गेली. लोखंडी पायऱ्या खालपर्यंत वाजल्या.

त्या कागदात लिहिलेलं सगळं खरं आहे. मी ते परत तपासलं. पोरीला तिनं काय सांगितलं, ते विचारायला मी अजून फोन केलेला नाही.